शेळ्यांचं दार

सोजरमावशी कुणाच्या घरी गेल्या की आधी बसत नसत. "बसा की मावशी" म्हटलं की "बसते की, आधी फिरू तर द्या" म्हणायच्या आणि काठी दाराशी टेकवून अनवाणी घरभर चालायला लागायच्या. आमच्या बदनापूरच्या घराच्या वास्तुशांतीला त्या अशाच आल्या. बाकीच्या बायका फरशीला हात लावून बघत होत्या, स्वयंपाकघरातले नळ सोडून बघत होत्या. मावशींनी वर किंवा खाली कुठेच पाहिलं नाही. बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून आतल्या खोलीत, परत बाहेर, अशा चार चकरा मारल्या आणि मला म्हणाल्या, "घर झकास हाय. पन बाई, तुमी रागावल्यावर कुठं जाता?"

मी शाळेत शिकवते म्हणून गल्लीत सगळे मला बाई म्हणतात. मला हसू आलं. म्हटलं, "मावशी, रागावल्यावर कुठं जायचं असतं?"

"जायाच लागतंय. न्हाई तर मानूस तिथंच बसतंय आन राग बी तिथंच."

पुढे महिनाभरातच यांच्याशी माझं वाजलं. कारण आता आठवत नाही, पण फिरणं आठवतं. मी स्वयंपाकघरात गेले तर हे पाणी प्यायला आले. आतल्या खोलीत गेले तर यांचा मोबाइल तिथे चार्जिंगला. बैठकीत टीव्ही. इतकं मोठं घर बांधलं आणि त्यात फुगून बसायला हातभर जागा नव्हती. शेवटी गच्चीच्या जिन्याच्या वळणावर जाऊन बसले आणि तिथे बसल्याबसल्या मावशींचा प्रश्न आठवून राग निम्मा उतरला. दुसऱ्या दिवशी त्या वळणावर एक सतरंजी टाकली, ती आजही तिथेच आहे.

मावशी आमच्या शेजारच्या. उंच, काटकुळ्या, नेसणं नऊवारी, आणि हातात कायम काठी. ती टेकायला नव्हती, दाखवायला होती. हसनाबादकडचं माहेर. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरचं सगळं बिऱ्हाड मेंढरं घेऊन रानोरान फिरायचं, आणि तरुणपणाची कितीतरी वर्षं त्या उघड्यावर राहिल्या. मग मेंढरं विकली, बदनापुरात जागा घेतली, थोडी शेती केली. उरल्या त्या पाच-सहा शेळ्या. नवरा गेला तेव्हा दोन्ही मुलं मोठी झाली होती. थोरला बबन शेती बघायचा, धाकटा संतोष जालन्याला बियाण्यांच्या कारखान्यात रेल्वेने जाऊन-येऊन होता.

त्यांचं जुनं घर म्हणजे एकामागे एक चार पत्र्याच्या खोल्या. पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी एकच वाट. दुसऱ्या खोलीत बबन आणि त्याची बायको मीरा झोपायचे, सगळ्यात मागे संतोष आणि त्याची बायको वर्षा. संतोषची गाडी उशिरा आली की तो भावाच्या अंथरुणाजवळूनच आत जाणार. मीरा चटकन उठून पदर सावरणार, दिवा लागणार, पोरं जागी होणार. पहाटे वर्षाला मोरीकडे जायचं तरी तीच वाट. आधी कुरबुर, मग टोमणे, मग भांड्यांची आदळआपट. शेवटी दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. एकाच ताटलीतली भाकरी दोघे तोंड फिरवून खायचे. हे मला माहीत, कारण माझ्या ओट्यापुढची खिडकी नेमकी त्यांच्या जागेकडे उघडते. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये हे मला आईने शिकवलं होतं, पण खिडकी कुठे असावी हे तिने ठरवलं नव्हतं.

संतोषने एके दिवशी सांगून टाकलं की जागेची दोन घरं करू, मधे भिंत घालू, दादाचं दार हमरस्त्याला, माझं मागच्या गल्लीला. पाठीला पाठ लावून. गल्लीला वाटलं, आता मावशी ऊर बडवणार. त्या म्हणाल्या, "घाला. भांडन मानसांचं न्हाई, वाटंचं हाय. भिंत बी घाला. पन आधी राहून बघू, मंग बांधू."

राहून बघू म्हणजे काय, हे कुणालाच कळलं नाही. पत्रे उतरले, जुन्या खोल्या पाडल्या, जमीन सारखी केली. शेळ्या मावशींनी भर दुपारी त्या मोकळ्या जागेत सोडल्या आणि स्वतः बाभळीखाली बसून राहिल्या. शेळ्या थोडं हुंगत फिरल्या आणि एका कोपऱ्यात बसल्या. "झोपायची खोली तिथं," मावशींनी काठीने दाखवलं. "वारं तिथून येतंय." मग संतोषचा इंजिनिअर मित्र नकाशा घेऊन आला. त्याच्या कागदाबरहुकूम गड्याने पांढऱ्या फक्कीने जमिनीवर सगळ्या भिंती आखल्या आणि जिथे दारं, तिथे रेघ तोडली. इथवर सगळे घर बांधताना करतात तसंच. पण त्यानंतर मावशींनी कुदळ लावू दिली नाही. वर ताडपत्र्या बांधल्या, फक्कीच्या त्या दोन घरांत दोन संसार मांडले, दोन गॅस जमिनीवरच ठेवले आणि हुकूम सोडला. रेघ ती भिंत. दारातूनच जायचं, दारातूनच यायचं. रेघ कुणी ओलांडायची न्हाई.

गल्लीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर मोटरसायकल लावून थेट चालत मावशींसमोर आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, भिंतीतून आलात."

त्याने खाली पाहिलं. बुटावर फक्की. तो पोरगा हुशार होता, आणि मनानेही चांगला. तो आला तसा मागे गेला, वळसा घालून दाराच्या जागेशी आला, तिथे बूट काढले आणि विचारलं, "येऊ का मावशी?" त्या दिवसापासून तो रोज दारातूनच यायचा. इतकंच काय, एकदा संतोषशी बोलताना हवेत हात टेकवायला गेला आणि पडता पडता वाचला. तिथे त्याच्या कागदावर खांब होता.

मी मावशींना विचारलं होतं, हे कुठून सुचलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "अवो, आमी असंच राह्यलो की. रानात बिऱ्हाडं पडली की हितं माझी चूल, तिथं जावंची, पल्याड सासूची. भिंत न्हाई, कूड न्हाई. पन दुसऱ्याच्या चुलीआडून कुनी पाय टाकला न्हाई कधी. घर व्हतंच की ते. फकस्त दिसत नव्हतं."

हे ऐकून मी खिडकीतून नव्याने बघू लागले. आणि खरंच, हळूहळू मला तिथे भिंती दिसायला लागल्या. मीरा भाकरीची टोपली घेऊन वळायची ती बरोबर कोपऱ्याशी. वर्षा आतल्या खोलीत गेली की पदर सैल सोडायची, जणू आता कुणाला दिसत नाही. आणि दोघे भाऊ? बबन सकाळी चहा घेऊन बसायचा, संतोष पलीकडे दाढी करत बसायचा. दोघांमध्ये हातभर अंतर आणि फक्कीची एक रेघ. दोघेही एकमेकांना दिसत नसल्यासारखे समोर बघायचे. नसलेल्या भिंतीमागे ते इतके चोख राहत होते की मला पहिल्यांदा त्या घराची भीती वाटली. मावशींनी हट्टाने मांडलेला हा खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत खरा होत चालला होता, आणि त्या मात्र बाभळीखाली बसून लसूण सोलत होत्या.

मग ती सकाळ आली. संतोष गाडीला गेला होता. गल्लीत पाण्याचा टँकर आल्याचा आवाज झाला म्हणून वर्षा गॅसवर तवा ठेवून घागर घेऊन धावली. मीरा शेतात, मावशी शेळ्यांकडे. संतोषची गुड्डी तेव्हा नुकती पाय टाकायला शिकली होती. ती उठली आणि डुलत डुलत तव्याकडे निघाली. बबन आपल्या घरात चहा पीत बसला होता. त्याने पाहिलं. कप टाकून तो उठला आणि धावला.

पण तो रेघेकडे धावला नाही. आपल्या दारातून बाहेर पडला, रस्त्याला लागला, आमच्या कंपाउंडच्या कडेने पळत मागच्या गल्लीत शिरला आणि संतोषच्या दारातून आत आला. मी खिडकीतून ओरडत होते, "बबनराव, आडवे जा!" त्याच्या कानावर काही गेलं नाही. तो पोचला तोवर गुड्डीने तव्याला हात लावला होता. दोन बोटं भाजली. फार नाही, पण तिच्या रडण्याने सगळी गल्ली गोळा झाली. हसायला कुणी आलं नव्हतं.

संध्याकाळी संतोष आला. झालेलं ऐकलं, पोरीची बोटं पाहिली आणि सरळ जाऊन मधल्या रेघेशी उभा राहिला. कित्येक महिन्यांनी तो भावाशी बोलला.

"दादा, आडवं यायचं ना."

बबन खाली बघत म्हणाला, "भिंत व्हती ना मधी."

"फक्की हाय ती."

"तूच म्हनला व्हता, भिंत पायजे."

संतोष तिथेच खाली बसला. बबनही बसला. दोघांच्या मध्ये ती रेघ तशीच होती, पण आता दोघेही तिच्याकडे बघत होते. मावशी बाजेवर बसून शेळीला पाला घालत होत्या. मला वाटलं होतं, त्या आता काहीतरी मोठं बोलतील. त्या मीराला एवढंच म्हणाल्या, "सकाळी खराटा दे मला."

सकाळी त्यांनी स्वतः मधली रेघ झाडून काढली. भिंती नको असं मात्र नाही. त्यांनी दोन्ही घरं दोन बाजूंना सरकवली, चुली वेगळ्या, खोल्या वेगळ्या, रस्त्याकडची दारंही जिथल्या तिथे. मधे एक उघडा चौक काढला. त्यात एकच हौद, एकच नळ, धुण्याचा एकच दगड, आणि दोन्ही स्वयंपाकघरांची दारं त्या चौकात समोरासमोर. संतोष म्हणाला, "माय, पानी दोन्हीकडं घेऊ की. पाइपाचा खर्चा काय लई न्हाई." मावशींनी काठी जमिनीवर आपटली. "मेंढरं बसत्यात तिथून वाट काढू न्हाई. बराबर? पन पानोठा एकच असतो. समदे कळप तिथंच येत्यात, येळ वेगळी असंल." इंजिनिअरने मान हलवली आणि नकाशा बदलून आणला. त्या कागदाकडे तो बराच वेळ कौतुकाने बघत बसला होता.

मी त्यांना नंतर विचारलं, "मावशी, खरं सांगा. हे असं होणार, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"काय म्हाईत असतंय बाई. कळप बसवून बघायचा. उठला, तर जागा चुकली."

त्या नव्या आखणीतल्या दोन गोष्टी कुणालाच पटल्या नाहीत. एक म्हणजे मावशींनी स्वतःसाठी खोलीच काढली नव्हती. "मी काय, चौकात," म्हणाल्या. बाज वळचणीला टाकून तिथेच राहायचं त्यांनी ठरवलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे चौकाला तिसरं दार, बाजूच्या पडीक जागेकडे उघडणारं. तिकडे बाभळी आणि शेळ्यांचा गोठा, दुसरं काही नाही. "हे कामून?" म्हणून विचारलं, तर "शेळ्यांला." आणि त्या दाराची रुंदी ठरवण्यासाठी त्यांनी जे केलं ते गल्लीला पुढे कित्येक दिवस पुरलं. बाजेवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, त्या दोरीने बांधल्या. पुढचे दोन पाय बबन आणि संतोषच्या खांद्यावर, मागचे दोन गड्यांच्या. "निघा दारातून." दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून चालले, तर संतोषचा पाय फक्कीवर पडला. "मागं या. रेघ सरकवा. पुन्यांदा." पुन्हा चालले, तर बबनचा पडला. "पुन्यांदा. पाय फक्कीला लागला न्हाई पायजे." सात-आठ वेळा झालं असेल. दोघे आधी अवघडलेले होते, मग चिडले, शेवटी संतोष फस्सकन हसला आणि बबनलाही हसू आवरेना. बाज डुगडुगायला लागली. "हसू नका, पेंढ्या पडत्यान," मावशी ओरडल्या. मी खिडकीत कणीक मळत होते आणि मनात म्हणत होते, शेळ्या काय जोडीने खांद्याला खांदा लावून जाणार आहेत?

भिंती उभ्या राहिल्या आणि माझं बघणं बंद झालं. तरी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. चौकात आधी नुसती पाण्याची खळखळ. मग एक दिवस बबनचा आवाज, "नळ आल्ता का रं?" आणि संतोषचा, "आल्ता, पन गढूळ." बदनापुरात नळाला काही भरवसा नाही, म्हणून बोलायला विषय कधी कमी पडला नाही. नळावरून पावसावर, पावसावरून कपाशीवर, तिथून गुड्डीच्या शाळेवर. घरं दोन राहिली, हे खरं. दोघी जावा आपापल्या चुलीवर आपापलं तिखट घालत राहिल्या. पण मिरच्या वाळायच्या त्या चौकात, एकाच चादरीवर. सुताराने स्वयंपाकघरांच्या दारांना चौकाकडून कड्या बसवल्या होत्या, त्या मावशींनी त्याच दिवशी काढायला लावल्या. कडी फक्त रस्त्याकडच्या दाराला.

त्यांचं कौतुक मी बोलून दाखवलं की त्या उठून चालू लागायच्या. गल्लीत कुणी घर बांधायला काढलं की लोक आता मावशींना बोलवायला लागले होते. त्या जायच्या, चकरा मारायच्या आणि एखादाच प्रश्न विचारायच्या. एका नव्या लग्नाच्या जोडप्याला म्हणाल्या, "पावना उठून गेल्यावर तुमी कुठं हसता?" एका म्हाताऱ्या मास्तरांना म्हणाल्या, "खोकला आल्यावर कोन ऐकतंय?" मास्तरांनी आपली खोली मुलाच्या खोलीशेजारी घेतली. पुढे त्यांना त्याचा उपयोग झाला. मी घराला सिमेंट आणि विटा म्हणत होते. ही बाई घराला माणसांच्या येण्याजाण्याचा नकाशा म्हणत होती, आणि तो तिच्या तळपायांना कळत होता. अशी माणसं मला आयुष्यात दुसरी भेटली नाहीत.

मग एका उन्हाळ्यात, दुपारी, चौकातल्या बाजेवर झोपेतच मावशी गेल्या. मीराने चहा घेऊन हाक मारली तेव्हा कळलं.

मी गेले तेव्हा चौक माणसांनी भरला होता. आंघोळ तिथेच घातली, तिरडीही तिथेच बांधली, वर आभाळ उघडं होतंच. आणि मग हसनाबादहून आलेले मावशींचे भाऊ म्हणाले, "चला. थोरल्याच्या दारातून."

संतोष उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते. "माय काल माझ्यात जेवली, मामा. माझ्या दारातून न्या."

"रीत हाय रे. आगीचा मान थोरल्याचा."

"आगीचा असंल. उंबऱ्याचा कुनी सांगितला?"

कुणीतरी म्हणालं, वाद नको. कुणी एकाची, कुणी दुसऱ्याची बाजू घ्यायला पुढे झालं. वर्षा रडायची थांबून नवऱ्याकडे बघायला लागली, मीरा बबनकडे. माणूस मधून उठला की दोन दारांच्या मधे काय उरतं, हे मी दुसऱ्यांच्या घरांत पाहिलं होतं. आज जी दोन तोंडं फिरतील ती पुन्हा वळणार नाहीत, आणि उद्या सुतार बोलावून कड्या परत बसतील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

बबन तिसऱ्या दाराकडे बघत होता. मग त्याने भावाच्या दंडाला हात लावला.

"संतोष. वैरनीची बाज आठवती का?"

संतोषने दाराकडे पाहिलं. पाहत राहिला. त्याच्या तोंडून आधी हुंदका फुटला का हसू, मला सांगता येणार नाही. मामा म्हणाले, "ते तर शेळ्यांचं दार हाय." मीराने जाऊन दोन्ही फळ्या उघडल्या. इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणत होतो की म्हातारीने घरात स्वतःसाठी काहीच काढलं नाही.

पुढचे दोन बांबू दोघा भावांनी खांद्यावर घेतले, थोरला उजवीकडे, धाकटा डावीकडे. मावशींचा चेहरा उघडा होता, उन्हाने नेहमीसारखा आक्रसल्यासारखा दिसत होता. दोघे खांद्याला खांदा लावून त्या दारातून गेले. मी बबनच्या कोपराकडे बघत होते, संतोषच्या कोपराकडे बघत होते. चौकट कुणालाच लागली नाही.

बाहेर बाभळीच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली. एकही शेळी उठली नाही.